वकिलाची फी कोणी द्यायची? नगरच्या किल्ल्यापासून लोकअभिरक्षक कार्यालयापर्यंत

१/
ऑगस्ट १९४२ मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात देशातील काही नामवंत कायदेपंडित एकत्र आले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि असफ अली हे तिघे बॅरिस्टर. गोविंद वल्लभ पंत हे कुमाऊँकडचे नावाजलेले वकील. अहमदाबादच्या फौजदारी न्यायालयांत एकेकाळी पटेलांच्या उलटतपासणीचा दरारा होता. मात्र या किल्ल्यात त्यांपैकी एकालाही स्वतःची बाजू मांडता आली नाही. त्यांच्यावर खटलाच नव्हता.

२/
‘छोडो भारत’ ठरावानंतर मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सदस्यांना या किल्ल्यात आणण्यात आले. आरोपपत्र नाही, न्यायाधीश नाही, सुटकेची तारीख नाही. कायद्याच्या भाषेत ते आरोपी नव्हते, ‘स्थानबद्ध’ होते. आरोपीला निदान आपल्यावरचा आरोप ठाऊक असतो. स्थानबद्धाला तेवढाही आधार नसतो. बहुतेकांचा तुरुंगवास १९४५ पर्यंत लांबला.

३/
या धाग्याचा विषय त्या बारा जणांची कीर्ती हा नाही. विषय एका रुक्ष प्रश्नाचा आहे: ज्याच्या विरोधात राज्यसत्ता उभी आहे, अशा माणसाच्या वकिलाची फी त्याच राज्यसत्तेच्या तिजोरीतून जावी का? तो माणूस परदेशी असेल तर? लोकांच्या मनातून पार उतरलेला असेल तर? या प्रश्नाचा भारतातील इतिहास मोठा आहे आणि त्यातील बरीच पाने महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत.

४/
प्रथम किल्ल्याचा थोडा मागचा इतिहास. चांदबिबीची झुंज आणि १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेला ताबा आपल्याला ठाऊक असतो. त्यानंतरचे नगर हे ‘परक्यांना कोंडण्याचे गाव’ झाले, हे फारसे सांगितले जात नाही. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात पकडलेले बोअर कैदी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे आणले गेले. पहिले महायुद्ध सुरू होताच १९१४ चा परकीयांविषयीचा अध्यादेश निघाला आणि हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन नागरिकांची रवानगी नगरच्या छावणीत होऊ लागली.

५/
त्यात व्यापारी होते, कारकून होते, बासेल मिशनचे धर्मोपदेशकही होते. कित्येकांचे अर्धे आयुष्य या देशात गेले होते. त्यांनी काय केले, हे कोणी विचारले नाही. ते कोण आहेत, एवढेच पाहिले गेले. परकीयांविषयीच्या कायद्याचे हे लक्षण पुढेही कायम राहिले. फौजदारी कायदा कृत्याकडे पाहतो, परकीयांचा कायदा ओळखीकडे पाहतो.

६/
१९३९ मध्ये हाच प्रसंग पुन्हा आला. त्या वेळच्या स्थानबद्धांत ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक हाइनरिश हारर होते. नगरहून देवळाली, तेथून डेहराडून आणि तेथील छावणीतून निसटून तिबेट, असा त्यांचा प्रवास जगाला ठाऊक आहे. त्याच छावणीतील दुसऱ्या एका गटाची गोष्ट त्याहून विदारक आहे. हिटलरच्या छळातून जीव वाचवून मुंबईला आलेले ज्यू निर्वासितही ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नगरला पाठवले गेले. ज्या राजवटीने त्यांना हाकलले, तिचेच पारपत्र त्यांच्या अंगाशी आले.

७/
या लोकांची छाननी करण्यासाठी सरकारने चौकशी समिती नेमली आणि अनेक निर्वासितांची सुटका झाली. परंतु तो न्यायालयीन खटला नव्हता, आणि सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क तर कल्पनेतही नव्हता. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन अनेकांसाठी धावून आली. तिने ओळख पटवली, हमी दिली, अर्जविनंत्या केल्या. ज्याला कोणी वाली होता, त्याचे कागद हलले.

८/
वाली असणे म्हणजे काय, हे वसाहतकाळातील राजकीय खटल्यांतून नीट कळते. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला, तेव्हा बंगालमध्ये वर्गणी गोळा झाली आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर मुंबईला आले. बचावासाठी निधी उभा करणे ही पुढे राष्ट्रीय चळवळीची रीतच झाली. सरकार एका बाजूला, लोकवर्गणी दुसऱ्या बाजूला.

९/
महाडच्या चवदार तळ्याचा लढा १९२७ मध्ये सत्याग्रहाने सुरू झाला, हे शाळेत शिकवतात. त्याच तळ्यावरून दिवाणी दावा दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मार्च १९३७ मध्ये लागला, हे फार थोड्यांना माहीत असते. दहा वर्षे! बाजू लढवणारे डॉ. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर होते, म्हणून तो दावा टिकला. तेवढ्या विद्येचा माणूस ज्यांच्यात नव्हता, अशा किती पाणवठ्यांचे दावे दाखलच झाले नसतील?

१०/
आता पुन्हा १९४३. नगरच्या किल्ल्यातील नेते आत असताना बाहेर एका खटल्याने खळबळ उडवली. केशव तळपदे हे मुंबई इलाख्यातील एक स्थानबद्ध. भारत संरक्षण नियमांतील ज्या २६ व्या नियमाखाली देशभर असंख्य माणसे डांबली गेली होती, तो नियमच मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा असल्याचा निर्णय एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने दिला. सरन्यायाधीश होते सर मॉरिस ग्वायर.

११/
सरकारने काय केले? काही दिवसांतच अध्यादेश काढून तो नियम मागील तारखेपासून वैध ठरवला. तुरुंगांचे दरवाजे बंदच राहिले. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली: वकील मिळाला आणि न्यायालयाचे दार उघडले, तर युद्धकाळातील सत्तेलाही कायद्याच्या भाषेत उत्तर द्यावे लागते. वकील नसता, तर तो नियम बेकायदा आहे हे कोणाला कळलेही नसते.

१२/
नोव्हेंबर १९४५. दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लष्करी खटला उभा राहिला. बचाव समितीत भुलाभाई देसाई, तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू होते. नगरच्या किल्ल्यात कोंडले गेलेले असफ अली आणि नेहरूही त्यात होते. नेहरूंनी कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा अंगावर चढवला. देशभरातून मदतनिधी जमला.

१३/
लोकवर्गणीचे हे वैभव मोठे खरे, पण तिची मर्यादाही येथेच दिसते. वर्गणी जमते ती लोकांच्या लाडक्या माणसासाठी. टिळकांसाठी जमते, आझाद हिंद सेनेसाठी जमते. पाकीटमारीच्या संशयावरून धरलेल्या पारध्याच्या पोरासाठी कोण वर्गणी काढणार? छावणीतल्या अनोळखी परक्यासाठी कोण झोळी फिरवणार? हक्क जर लोकप्रियतेवर अवलंबून असेल, तर तो हक्क उरत नाही, ती मेहेरबानी ठरते.

१४/
स्वातंत्र्यानंतर संविधान सभेत हा प्रश्न आला. अटकेपासून संरक्षण देणारी तरतूद मसुद्यात पुरेशी नाही, अशी टीका होत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘१५-अ’ हे नवे कलम मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२. अटकेची कारणे कळण्याचा हक्क, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर होण्याचा हक्क आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क. लक्षात घ्या, हे हक्क ‘नागरिका’ला दिलेले नाहीत, ‘व्यक्ती’ला दिले आहेत. परदेशी माणूसही व्यक्तीच.

१५/
पण त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड वाचा. हे संरक्षण दोन प्रकारच्या लोकांना मिळणार नाही, असे तो सांगतो: शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेला माणूस. आता नगर आठवा. १९३९ मध्ये तेथे होते शत्रुराष्ट्राचे नागरिक. १९४२ मध्ये तेथे होते स्थानबद्ध. संविधानाने वकिलाच्या हक्काला जे दोन अपवाद ठेवले, त्या दोन्ही प्रकारची माणसे या एकाच गावाने तीन वर्षांच्या अंतराने पाहिली होती.

१६/
इतिहासाचा उपरोध येथे संपत नाही. संविधान लागू होऊन महिनाही उलटला नव्हता, तोच फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक संसदेत आले. ते मांडले गृहमंत्री वल्लभभाई पटेलांनी, नगरच्या किल्ल्यातील त्याच माजी स्थानबद्धाने. नव्या राज्यापुढची संकटे खरी होती आणि आपल्याला हे विधेयक मांडताना क्लेश झाल्याचे पटेलांनी बोलूनही दाखवले. तरी निष्कर्ष टळत नाही. तुरुंग सोसलेला माणूस सत्तेत आला, म्हणून तुरुंगाचे नियम आपोआप मऊ होत नाहीत.

१७/
मुख्य प्रश्न अजून शिल्लक होता. वकील करण्याचा हक्क मिळाला, पण फी कोण देणार? १९५१ च्या तारा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेचा अर्थ सरळ सांगितला: आरोपीला वकील करण्याची संधी देणे हे न्यायालयाचे काम, वकील पुरवणे हे राज्याचे बंधन नाही. म्हणजे दार उघडे आहे, पण उंबरठा ओलांडण्याचे पैसे तुमचे तुम्ही आणा.

१८/
असे नाही की कोणाला सुचले नव्हते. १९४९ मध्येच मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायद्याची मदत देण्याविषयी समिती नेमली होती. त्याच वर्षी ब्रिटनने सरकारी खर्चाच्या कायदेशीर मदतीचा कायदा केला. १९५८ मध्ये विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालाने ही मदत राज्याचे कर्तव्य असल्याचे बजावले. अहवाल येत राहिले. पैशाचा विषय निघाला की फाइल थांबत राहिली.

१९/
मधल्या काळात परकीयांच्या बाबतीत कायदा आणखी कठोर झाला. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता. १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे. जीविताचे संरक्षण सर्वांना आहे. येथे राहण्याचा हक्क मात्र फक्त नागरिकाला.

२०/
१९७० च्या दशकात बर्फ वितळू लागले. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०४ आले: सत्र न्यायालयातील खटल्यात आरोपीला वकील परवडत नसेल, तर राज्याच्या खर्चाने वकील द्यायचा. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये आहे. पुढे आणीबाणीतील ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घातले: समान न्याय आणि मोफत विधी साहाय्य. नागरिकांचे हक्क गोठवलेल्या काळात हे कलम यावे, हाही इतिहासाचा एक विक्षिप्त योगायोग.

२१/
मग आला १९७८ चा ‘एम. एच. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल. हॉस्कॉट गरीब शेतमजूर नव्हते. ते विद्यापीठात शिकवणारे, उच्चविद्याविभूषित गृहस्थ. आरोप होता विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या उद्योगाचा. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची नाममात्र शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत चार वर्षे उलटली आणि शिक्षा भोगूनही झाली.

२२/
उशीर का झाला? निकालाची प्रत येरवडा कारागृहाकडे पाठवल्याची नोंद होती. आपल्याला ती मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हॉस्कॉट यांना दिलासा दिला नाही, पण त्या निमित्ताने देशासाठी नियम घालून दिला: कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो राज्याने दिला पाहिजे. ही मेहेरबानी नाही, न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे. मोठा हक्क एका बनावट पदवीच्या खटल्यातून जन्मला.

२३/
पुढच्याच वर्षी बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणाने हे तत्त्व देशभर नेले. १९८३ चा ‘शीला बर्से’ निकाल पुन्हा महाराष्ट्राचा. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पंधरांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांच्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले.

२४/
या प्रकरणातील चौकशी अहवालात आपल्या विषयाला भिडणारी एक नोंद आहे. तुरुंगातील दोन परदेशी स्त्रियांना एका वकिलाने फीच्या नावाखाली दागिन्यांना लुबाडले होते. ना भाषा, ना नातलग, ना शहाराची ओळख. वकील मिळाला तोही असा. सार्वजनिक पैशाने, जबाबदारीच्या चौकटीत नेमलेला वकील का हवा, याचे याहून ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण.

२५/
न्यायालयाने दिलेले आदेश मोठे व्यवहारी होते. अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे आणि समितीने राज्याच्या खर्चाने मदत द्यावी. तुरुंगांनी कच्च्या कैद्यांच्या याद्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवाव्यात. अटकेतील माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत. यानंतर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि तालुका अशी त्याची उतरंड आहे.

२६/
त्या कायद्याचे कलम १२ प्रत्येक इतिहासप्रेमीने एकदा वाचावे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, दिव्यांग, वेठबिगारी व मानवी व्यापाराचे बळी, आपद्ग्रस्त, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले लोक त्यात येतात. शिवाय ‘कोठडीत असलेली व्यक्ती’. येथेही शब्द ‘व्यक्ती’ असाच आहे. पारपत्र कोणत्या देशाचे, हे कलम विचारत नाही.

२७/
या शब्दाची सर्वांत कठोर परीक्षा २००८ नंतर मुंबईत झाली. अजमल कसाब हा पाकिस्तानी नागरिक, मुंबईवरील हल्ल्यात जिवंत पकडलेला. प्रथम त्याने भारतीय वकील नाकारला. पुढे न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नियुक्ती केली, तेव्हा त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. एका साक्षीदाराचेही वकीलपत्र त्यांच्याकडे असल्याने ती नियुक्ती रद्द झाली. नंतर अब्बास काझमी आणि के. पी. पवार यांनी काम पाहिले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमित्र होते राजू रामचंद्रन.

२८/
त्याला वकील कशाला, हा प्रश्न तेव्हा गल्लोगल्ली विचारला जात होता. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात फाशी कायम झाली, पण त्याच निकालाने सर्वांसाठी एक नियम पक्का केला: आरोपी पहिल्यांदा समोर येताच, त्याला वकील घेण्याचा आणि परवडत नसल्यास सरकारी खर्चाने तो मिळवण्याचा हक्क आहे, हे सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आज नगर जिल्ह्यातील कोणताही गरीब माणूस दंडाधिकाऱ्यासमोर उभा राहतो, तेव्हा या नियमाचा आधार त्यालाही असतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले होते की ‘अमुक आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही’ असे वकील संघांचे ठराव बेकायदा आहेत.

२९/
मानवी हक्कांचा वकील केवळ आरोपीलाच लागतो असे नाही, पीडितालाही लागतो. अॅट्रॉसिटी कायद्यात विशेष सरकारी वकिलाची तरतूद आहे. १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकारी पीडितांच्या इच्छेप्रमाणे नामवंत ज्येष्ठ वकीलही नेमू शकतात, फी शासनाची. नगर जिल्ह्यातील दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. नेवासे तालुक्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी तीन दलित तरुणांची हत्या झाली. खटला नाशिकला हलवला गेला, विशेष सरकारी वकील होते उज्ज्वल निकम. जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली.

३०/
जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. दोन्ही खटल्यांत सरकारी खर्चाने वकील उभे होते. यातून एक कटू धडा मिळतो: वकिलाची फी देणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. साक्षीदार गावात राहतो आणि निकालानंतरही त्याला त्याच गावात राहायचे असते.

३१/
आता परकीयांच्या प्रश्नाकडे शेवटचे वळण. देशाबाहेर काढण्याचा आदेश हा फौजदारी खटला नसतो, प्रशासकीय निर्णय असतो. त्यामुळे कलम ३४१ चे छत्र तेथे पोहोचत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्याने १९४६ चा कायदा मोडीत काढला, तरी सिद्धतेचा भार त्या माणसावरच ठेवला आहे. आसाममध्ये २०१९ च्या अंतिम नागरिक नोंदणीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले, तेव्हा त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांमार्फत मदत देण्याचे राज्य सरकारने जाहीर करावे लागले.

३२/
जगातही हे दार अर्धेच उघडे आहे. ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने, आश्रयाची प्रकरणे वगळता, इमिग्रेशनचे बहुतेक दावे सरकारी मदतीतून काढून टाकले. अमेरिकेत इमिग्रेशन न्यायालयात वकील करता येतो, पण सरकारच्या खर्चाने नाही, असे कायदाच म्हणतो. न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये स्थानबद्ध स्थलांतरितांसाठी सार्वजनिक पैशाने वकील देण्यास सुरुवात केली, ती म्हणूनच दखलपात्र ठरली. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलावर उद्या असा प्रसंग आला, तर तोही त्याच नियमाखाली उभा असेल.

३३/
‘परक्यासाठी आमच्या कराचा पैसा का?’ या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. निधी मर्यादित असतो आणि त्यावर आपल्याच गरिबांचा दावा मोठा असतो. पण २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही कामगार बांगलादेशात ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. माणूस परका आहे की आपला, हे ठरायच्या आधीच वकील लागतो. ठरल्यानंतर दिलेला वकील उशिराचा असतो. १९३९ च्या नगरच्या छावणीत ज्यू निर्वासितांनी हेच अनुभवले होते.

३४/
दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे: सरकारच्या पैशावर जगणारा वकील सरकारशी लढेल का? म्हणूनच आपल्या कायद्याने ही व्यवस्था मंत्रालयाच्या खात्याकडे न देता न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणांकडे दिली. जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. २०२२ पासून राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनेखाली पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालये सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांचे नाव आहे ‘लोकअभिरक्षक कार्यालय’. सरकारी वकिलासारखाच पगारी, पण आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील. गुणवत्ता, मानधन आणि कामाचा बोजा यांवर वाद आहेत आणि ते व्हायलाही हवेत.

३५/
नगरच्या किल्ल्यातील नेत्यांची खोली पाहायला जाल, तेव्हा तेथे त्यांच्याआधी कोंडलेल्या अनामिक परक्यांचीही आठवण ठेवा. आणि एक व्यवहाराची गोष्ट नोंदवून ठेवा: विधी सेवा प्राधिकरणाची देशभरची मदतवाहिनी १५१०० आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिच्याकडे साध्या कागदावरही अर्ज करता येतो, आणि अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेतले जाते. हा धागा ज्याला उपयोगी पडेल असे वाटते, त्याच्यापर्यंत पोहोचवा.